फळ्यावरचं हवामान

२ जून १९८५, रविवार
आजपासून रोजनिशी. शास्त्रीय. भावना लिहायच्या नाहीत, फक्त निरीक्षणं.

निरीक्षण पहिलं: उदगीरच्या लोकांना हवामानातलं काही म्हणजे काही कळत नाही. गेल्या साली पावसानं दगा दिला, तर गल्लीत सगळे म्हणाले, मृगाचं वाहन गाढव होतं. गाढव! आणि मी याच गल्लीत राहतो, हायस्कूलला भूगोल शिकवतो.

प्लॅन ठरला. शाळेच्या फाटकाशी कडुलिंबाखाली एक जुना फळा पडून आहे. त्यावर रोज एक संज्ञा, सोप्या मराठीत. खाली अंदाज. त्याखाली माझं नाव, डिग्रीसकट. लातूर जिल्हा होऊन तीन वर्षं होत आली. नव्या जिल्ह्याला खाती लागतात, खात्यांना माणसं लागतात. हवामानाचा माणूस अजून कुठं दिसला नाही. कलेक्टरसाहेबांची जीप याच रस्त्यानं विश्रामगृहाकडं जाते.

बायकोला, केवळाला, सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "आधी ही घागर धरा. टँकर आलाय."
टँकर शास्त्रात येत नाही. यापुढं लिहायचा नाही.

४ जून
फळा सुरू. पहिली संज्ञा: हवा आणि हवामान, यांतला फरक. सासू आज काय बोलली, ती हवा. सासू मुळात कशी आहे, ते हवामान. एक रोज बदलतं, दुसरं ठरवायला तीस-तीस वर्षांच्या नोंदी लागतात.
केवळानं वाचलं. तिची आई लोह्याला असते, हे बरं.

शेजारच्या गुरम्मा आल्या. म्हातारबाई, वाचता येत नाही. म्हणाल्या, "मास्तर, येतंय का न्हाई, तेवढं सांगा." मी म्हणालो, त्यासाठी आधी पाया पक्का पाहिजे. त्या घागर कमरेवर घेऊन निघून गेल्या. जिज्ञासेचा अभाव.

७ जून
वायुभारमापक तयार केला. स्वतः. काचेची बरणी, तिच्या तोंडावर ताणून बांधलेलं फुग्याचं रबर, रबरावर चिकटवलेली गवताची लांब काडी. हवेचा दाब वाढला की रबर आत दबतं, काडीचं बाहेरचं टोक वर जातं. दाब कमी झाला की रबर फुगतं, टोक खाली. पत्र्याच्या खोलीत ठेवला. तिथं कुणी हात लावत नाही.

फळ्यावर लिहिलं: हवेलाही वजन असतं. आपल्या डोक्यावर हवेचा उंचच उंच ढीग आहे, त्याचं ओझं म्हणजे वायुभार. जमीन तापली की हवा हलकी होऊन वर जाते, तिथला भार कमी होतो. मग शेजारची जड हवा तिकडं धावते. तिलाच आपण वारा म्हणतो. समुद्रावरून धावली तर बाष्प घेऊन येते. म्हणून कमी दाब तिथं ढग.

बरणी लोणच्याची होती. लोणचं वाडग्यात काढून ठेवलं होतं. केवळाला ते संध्याकाळी कळलं. स्थानिक स्वरूपाचं वादळ.

१० जून, दुपार
काडी खाली! सकाळी ठीक होती, आता एकदम खाली. काल दुपारीसुद्धा तेच. रेडिओवाले अजून "तुरळक ठिकाणी" करत बसलेत. मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: कमी दाबाचा पट्टा उदगीरवर. चार दिवसांत जोरदार पाऊस.

केवळाचा धाकटा भाऊ पंढरी लोह्याला शेती करतो. तिनंच कडेवर घेऊन वाढवलेला. त्याला माझ्या ज्ञानाचा फायदा झालाच पाहिजे. लोह्याच्या गाडीचा कंडक्टर ओळखीचा आहे, त्याच्याकडं निरोप दिला: बिनधास्त पेर, दाजींनी सांगितलंय.

केवळा म्हणाली, "त्याला कशाला सांगून राहिलात? त्याच्याकडं एकदाच पेरायपुरतं बी हाय."
मी म्हणालो, शास्त्र एकदाच बोलतं.

१३ जून
पाऊस!!! तीन मिलिमीटर.
(मिलिमीटर म्हणजे, पाणी न मुरता, न वाहता जागच्या जागी राहिलं असतं तर केवढा उंच थर झाला असता ते. हे फळ्यावर लिहिलं. तीन मिलिमीटरमध्ये बोटाचं नखसुद्धा पुरतं बुडत नाही, हे लिहिलं नाही. लोकांचा उत्साह जपावा.)
दोघांनी रस्त्यात थांबून नमस्कार केला. गुरम्मांनी अंगणात हात पुढं करून बघितला आणि मागं घेतला.
जोरदार उद्या.

१७ जून
जोरदार अजून वाटेत. शाळा सुरू झाली. आकाश निरभ्र. हेडमास्तरांनी विचारलं, पट्टा कुठं गेला? मी म्हणालो, सर, पट्टा हलत असतो.

आजची संज्ञा अवघड, म्हणून घरगुती उदाहरण घेतलं. सापेक्ष आर्द्रता: हवा ही घागर समजा. गरम हवेची घागर मोठी, गार हवेची लहान. तेवढंच बाष्प मोठीत अर्धवट दिसतं, लहानीत काठोकाठ. हवा गार होत होत घागर ज्या तापमानाला काठोकाठ भरते, त्याला दवबिंदू म्हणतात. त्यापुढं सांडतं, ते दव, धुकं, ढग.

आर्द्रतामापकासाठी माणसाचा केस लागतो. दमट हवेत तो लांबतो. झोपेत असताना केवळाचा घेतला. ती झोपेत नव्हती.
घागरीचं उदाहरण आवडलं का, असं नंतर विचारलं. म्हणाली, "मोठी घागर फुटलीया. आठवडा झाला."

२८ जून
लोह्याकडून आलेल्या एकानं सांगितलं, पंढरीचं रान उगवलं होतं. चांगलं बोट-बोटभर आलं होतं. आता माना टाकल्यात.

फळा: मान्सूनमधला खंड. खंड पडला म्हणजे पाऊस संपला असं नाही. पावसाचा कमी दाबाचा पट्टा कधी कधी उत्तरेला, हिमालयाच्या पायथ्याकडं सरकतो. तिकडं पूर येतात, आपल्याकडं उघडीप. पट्टा पुन्हा खाली आला की पाऊसही येतो. शास्त्रात याला नाव आहे, म्हणजे घाबरण्यासारखं काही नाही.

केवळा फाटकाशी आली, सगळं वाचलं आणि गेली. घरी एवढंच विचारलं, "किती दिवसांचा असतो खंड?"
हे शास्त्रात नक्की नाही. मी म्हणालो, बदलतं. तिनं भाकरी थापायला घेतली, ती इतक्या जोरात की शेजारी ऐकू गेलं असेल.
माझा अंदाज चुकलेला नाही. पाऊस चुकलाय.

३ जुलै
एक निरीक्षण. काडी रोज दुपारी खाली जाते आणि पहाटे वर येते. रोज. पत्र्याखाली बरणीतली हवा तापते, फुगते, रबर वर ढकलते. म्हणजे गेला महिनाभर बरणी आमच्या पत्र्याचा ताप मोजत होती.
यंत्र अचूक आहे. ते काय मोजतंय, एवढाच प्रश्न.
बरणी उचलून रांजणापाशी गारव्याला ठेवली. केवळानं विचारलं, का हलवलं? हवापालट, म्हणालो.
काडी आता सारखी वर. म्हणजे पाऊस नाही. ही जागा यंत्राला मानवत नाही, असं दिसतं.

९ जुलै
साहेबांची जीप आज येणार, असं शिपाई म्हणाला. इस्त्रीचा शर्ट. फळ्याशेजारी उभा. संज्ञा मुद्दाम इंप्रेसिव्ह निवडली. दृश्यमानता: धूळ, धुकं, धूर यांतून जास्तीत जास्त किती लांबची वस्तू ओळखू येते ते अंतर.
जीप आली. गेली. धुरळा बसल्यावर फळ्यावरचं एक अक्षर दिसत नव्हतं. माझ्याही डोळ्यांत गेला.
पण फाटकापाशी जीपचा वेग नक्की कमी झाला होता. गुरम्मा म्हणाल्या, "तिथं खड्डा हाय, मास्तर."

१५ जुलै
पंढरी आला. हातात एक गाठोडं. बैल चारा छावणीत बांधलेत, म्हणाला. बायको पोरांना घेऊन माहेरी. रोजगार हमीचं काम त्यांच्याकडं बंद पडलंय, इथं उदगीरजवळ पाझर तलावावर चालू आहे. तिथं जाईन, तवर इथं राहू का, असं त्यानं बहिणीला विचारलं. मला नाही.
पेरणीचा विषय त्यानं काढला नाही. मीही काढला नाही. अनुभवी लोक उगाच जुनं उकरत नाहीत.

चहा झाल्यावर मात्र म्हणाला, "दाजी, काय म्हणतंय हवामान?"
किती विश्वास! मी त्याला पर्जन्यछाया समजावली. समुद्रावरून बाष्प घेऊन येणारी हवा सह्याद्री चढते, चढताना गार होते, पाऊस कोकणात टाकते. इकडं उतरताना ती तापते, कोरडी होते. आपण त्या डोंगराच्या सावलीत आहोत.
त्यानं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सावलीत व्हय? मग ऊन लई कसं?"

२४ जुलै
पंढरी उजाडायच्या आत जातो, दिवस मावळल्यावर येतो. आता खडी फोडायला घातलंय. तळहातांना फोड. केवळा रोज हळद-तेल लावते आणि लावताना माझ्याकडं बघत नाही.
तो अर्धी भाकरी ठेवून उठतो. भूक न्हाई, म्हणतो. खडी फोडणाऱ्याला भूक नाही, हे कुठल्याच शास्त्रात बसत नाही. निरीक्षण म्हणून नोंदवतोय.

त्याच्याशी एकदा मोकळेपणानं बोलायचं ठरवलंय. म्हणजे खंडाविषयी. खंड कुणाच्याच हातात नसतो, हे त्याला पटवून द्यायचं. सोमवारी ठरवलं होतं. काल पण. आज त्याला माझी टोपी दिली, उन्हासाठी.

संज्ञा: विषुववृत्ताजवळचा शांत पट्टा. वारा पडलेला. पूर्वी शिडाची जहाजं तिथं दिवसेंदिवस अडकून पडत.
आमच्या घरात अशी परिस्थिती आहे, असं नाही.

२ ऑगस्ट
जेवताना झालं. पंढरीनं पुन्हा अर्धी ठेवली. केवळानं परात बाजूला सारली आणि मला म्हणाली, "तुमच्या एका निरोपापायी माझ्या भावाचं रान गेलं. बी गेलं. बैल परक्याच्या दावणीला गेले. आन तुम्ही रोज फळ्यावर सासूची हवा लिवताव."
माझं उत्तर तयार होतं. खंड, पट्टा, हिमालयाचा पायथा. तोंड उघडलं, पण हिमालय काही बाहेर पडेना. कधी नव्हे ते वाटलं, आता ऐकून घ्यावं, ती म्हणते ते खरं आहे.

तेवढ्यात पंढरी म्हणाला, "अक्का, दाजीला कशाला बोलून राहिलीस? त्यांचा निरोप मला पेरल्यावर भेटला. कंडक्टर मधीच सुट्टीवर गेला व्हता."
केवळा म्हणाली, "आन आधी भेटला असता तर?"
"तरी काय," पंढरी म्हणाला. "सगळ्या गावानं मृगाचा शिडकावा बघून पेरलं, तसंच म्या पेरलं असतं. दाजी मास्तर हाईत, अक्का. त्यांच्यावर कोण पेरतंय?"
चांगल्या मनानं म्हणाला. मला सोडवायला.
केवळा भावाकडं बघत राहिली आणि मग हसली. किती दिवसांनी. पंढरीही हसला, आणि ठेवलेली अर्धी भाकरी ओढून घेऊन खाल्ली.

म्हणजे मी निर्दोष. पूर्णपणे. शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध, साक्षीदारासह. अठरा दिवस उगाच त्याच्या नजरेला नजर देत नव्हतो.
आनंद व्हायला पाहिजे. अजून होत नाही. उद्या होईल.

९ ऑगस्ट
हेडमास्तरांनी बोलावलं. म्हणाले, फळा तुम्ही छान चालवलात. आता तहसीलला टँकरची वेळ कळवायला जागा पाहिजे. अक्षर तुमचं चांगलं आहे, तुम्हीच लिहा.
सरकारी काम म्हणायचं. मागच्या दारानं का होईना, आत पाऊल. संज्ञा पुसल्या. लिहिलं: उद्या सकाळी टँकर येईल.

१० ऑगस्ट
आला नाही. बाया उन्हं वर येईपर्यंत रांगेत होत्या. मी पुसून "दुपारी" केलं. दुपारी "संध्याकाळी".
संध्याकाळी तहसीलचा माणूस सायकलवर आला. म्हणाला, "गुरुजी, होणारं लिहू नका. बाया आमच्या अंगावर येतेत. झालेलं तेवढं लिहीत चला."
मी म्हणालो, झालेलं लिहिणं म्हणजे अंदाज नव्हे. तो म्हणाला, "हाव. तेच पाहिजे."

१४ ऑगस्ट
पंढरी गेला. लोह्याला नाही, हैदराबादला. तिथं बांधकामावर माणसं घेतायत. बैलांचं काय, केवळानं विचारलं, तर म्हणाला, "बघू," आणि गाठोड्याची गाठ परत बांधली.
स्टँडवर मी पोचवायला गेलो. गाडीला वेळ होता. काहीतरी बोलायला हवं होतं. हैदराबादच्या हवेबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ होतं. त्यानं विचारलं नाही. गाडी लागली तेव्हा पाया पडला. अक्काला बघा, म्हणाला.

परत येताना शाळेवरून आलो. फळ्यावर लिहिलं: काल टँकर आला नाही.
खाली नाव घातलं नाही.
गुरम्मा रिकामी घागर घेऊन कडुलिंबाच्या पारावर बसल्या होत्या. काय लिहिलं, म्हणून विचारलं. वाचून दाखवलं.
"ठाव हाय, मास्तर," म्हणाल्या. "मीच तर उभी व्हते."