अनुदानासाठी मांडलेली दुसरी चूल

मी, खाली सही करणारी, वय एकोणऐंशी, धंदा शेती, हे मृत्युपत्र राजीखुशीने करते. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. डॉक्टरांनी तसे लिहून दिले आहे. मला मूलबाळ नाही, त्यामुळे कोणी रुसण्याचा प्रश्न नाही.

कलम १. घर आणि वरच्या अंगाची जमीन.
ही यजमानांमागे माझ्या नावावर आली. मुळात शेत एकच होते. यजमान आणि माझे धाकटे दीर ते मिळून कसत. मग सरकारी अनुदान आले. एका शेताला ठरलेल्या मर्यादेपर्यंतच पैसे, शेते दोन असली की दुप्पट. यजमान म्हणाले, "कागदावर वेगळे होऊ. घरात कोण बघायला येतंय?"

बघायला साहेब आले. त्यांना दोन फाटके हवी होती, दोन गोठे, दोन चुली. मग मधोमध तारेचे कुंपण घातले, आणि माझी अर्धी भांडी मीच धाकट्या जावेच्या नव्या स्वयंपाकघरात नेऊन लावली. आम्ही दोघी हसत होतो.

तपासणीच्या दिवशी साहेबांची खात्री पटावी म्हणून दोघे भाऊ कुंपणापाशी लटके भांडत. पहिल्या वर्षी मला हसू आवरेना, मी आत पळाले. दुसऱ्या वर्षी यजमान बोलून गेले, "आयतं खायची सवय तुला पहिल्यापासूनच." दीर कुंपणापासून निघून गेले. जेवताना यजमान मला म्हणाले, "बरं झालं, एकदाचं बोललो." पुढच्या वर्षी साहेब निघून गेले तरी भांडण थांबले नाही.

योजना बंद झाली, कुंपण राहिले. यजमान गेले त्या दिवशी दीर तारेपलीकडे उभे होते आणि मला "या" म्हणणे जमले नाही. त्याचे मला फार वाईट वाटते, अजून वाटते.

तर घर आणि जमीन दिरांच्या मुलीला, माझ्या पुतणीला. ती गुरांची डॉक्टर आहे आणि दोन्हीकडच्या गाई तीच तपासते.

कलम २. पेरणीयंत्र. हे केवळ तपासणीत दाखवायला घेतले होते, सरळ कधी चाललेच नाही. भंगारवाल्याने न्यावे आणि मला शिव्या देऊ नयेत.

कलम ३. बँकेतली शिल्लक पुतणीला. त्यातून आधी कुंपण उपटण्याची मजुरी द्यावी.

कलम ४. यजमानांची दुर्बीण आमच्या शेजाऱ्यांना, ज्यांना सगळे 'वार्ताहर' म्हणतात. आम्ही खरेच वेगळे झालो का, हे पाहता पाहता बिचाऱ्यांची मान अवघडली.

कलम ५. दिरांना मी काहीही ठेवत नाही. वकीलबाई म्हणाल्या, "साक्षीदाराच्या नावावर काही ठेवलंत तर पुढे भानगड होते. त्यांना जमीन द्या, नाहीतर साक्षीला बोलवा." मी साक्षीला बोलावले. जमीन त्यांनी माझ्यामागे घेतली असती. साक्षीला मात्र मी जिवंत असताना या खोलीत यावे लागते, समोर बसावे लागते.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली
दिनांक: ९ ऑक्टोबर

मृत्युपत्र करणारी (सही)
साक्षीदार १: पोस्टमास्तर (सही)
साक्षीदार २: धाकटे दीर (सही)

पुतणीस, वकीलबाईंना न विचारता:
तुझे बाबा आले. "कुठे करू?" एवढेच बोलले आणि सही केली. चहा घेतला. मजकूर वाचायला मागितला नाही. जाताना दाराशी थांबून म्हणाले, "वहिनी, दादा तेव्हा ते साहेबासाठीच बोलला होता ना?"

मी म्हणाले, "हो भावजी, साहेबासाठीच."

त्यांना पहिले कलम वाचून दाखवू नकोस.