पाकळ्या पांढऱ्याच ठेवल्या

शुक्रवार, दुपार

आमच्या मंडळींस नमस्कार.

इकडे सगळं ठीक आहे. तुझी तब्येत बरी असेल, गुडघा कमी कुरकुरत असेल, असं धरून चालतो. ताईंना नमस्कार सांग. साडूभाऊंना सांग, त्यांच्या न्हाणीघराचा उतार चुकलाय हे मी मागेच बोललो होतो. आता पाणी तुंबलं तर मला दोष देऊ नका.

फोन करण्यात अर्थ नाही. तू उचलतेस, मी 'जेवलीस का' विचारतो, तू 'हो' म्हणतेस. पुढे दोघंही नुसते धरून बसतो. म्हणून लिहितोय. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, लावून वाच.

स्वयंपाकघरातला नळ गळत होता, तो बदलला. सध्या एका दवाखान्याच्या व्हरांड्याचं काम चालू आहे. लांबलचक व्हरांडा आहे आणि एक भिंत सरळ नाही. गवंड्याने घातलेला घोळ शेवटी फरशीवाल्याने निस्तरायचा, हे नेहमीचंच. भात मला अजून जमत नाही. कधी खीर होते, कधी खडी. पोटाला दोन्ही चालतं.

काल सण झाला.

तुला माहीतच आहे, आपल्या जिन्यात त्या दिवशी सगळ्यांच्या दारात रांगोळ्या असतात. सकाळी दूध घ्यायला दार उघडलं, तर समोरच्या वहिनी उंबऱ्यापाशी बसून रेघा ओढत होत्या. मला बघून म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्याकडे यंदा काही नसेल ना? मी आपली माझी जरा मोठी काढते, तुमच्या दारापर्यंत आली तर चालेल?"

बाई चांगल्या मनाने विचारत होती. मी म्हटलं, "नाही, आमच्याकडे आहे."

का म्हटलं, देव जाणे. तोंडातून निघून गेलं. आता आहे म्हटल्यावर काढणं आलं.

रांगोळीचा डबा कुठे असतो, हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. देव्हाऱ्याखाली सापडला. दाराबाहेरची जागा ओल्या फडक्याने पुसली. मग मी माझ्या पद्धतीने सुरू केलं. सुताला नीळ लावली, दोन टोकं ताणून धरली आणि फटका मारून जमिनीवर रेघ उठवली. असं उभंआडवं करून चौकटी पाडल्या, गुण्या लावून काटकोन तपासले, आणि रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे ठिपके ठेवले. पाच ओळी, पाच ठिपके. आपल्या घरी नेहमी निघायचं तेच साधं फूल. मधल्या ठिपक्यापासून चारी कोपऱ्यांकडे चार मोठ्या पाकळ्या, आणि दोन पाकळ्यांच्या मध्ये एकेक छोटं पान.

ठिपके एक नंबर आले. पाकळ्यांचे मात्र बारा वाजले. माझ्या बोटांना सिमेंटच्या भेगा, त्यात रांगोळी अडकायची आणि मग एकदम भसकन पडायची. पाकळी म्हणून जे निघालं, ती भेंडी वाटत होती.

वहिनींना हसू आवरेना.

"अहो भाऊजी, फरशी बसवताय का रांगोळी काढताय? मुठीतून नाही सोडायची. चिमटीत धरा. आणि हात असा दाबू नका, वरच्यावर जाऊ द्या."

"वरच्यावर गेला तर रेघ हलते."

"हलू दे की! फुलाची पाकळी आहे, गुण्यात कशाला पाहिजे?"

पुसलं. पुन्हा काढलं. पुन्हा पुसलं. मग एक पाकळी अशी निघाली की माझाच विश्वास बसेना. मध्ये फुगीर, टोकाला निमुळती, रेघ कुठे तुटलेली नाही. आणि मी तसाच मागे न बघता घरात हाक मारली, "चिमे, बघ गं, बापाला जमलं!"

हाक मारून झाली, मग कळलं.

जिन्यात सगळे आवाज चालूच होते. वरच्या मजल्यावर कुणाचा तरी कुकर शिट्ट्या देत होता. वहिनींच्या हातातली चिमूट तशीच राहिली. मग त्या उठल्या, घरात गेल्या आणि दार हळूच ओढून घेतलं. फार शहाणी बाई आहे.

मी पायरीवर बसलो. किती वेळ, माहीत नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं. हात रांगोळीने भरलेले, त्यामुळे पुसलंही नाही. खाली येणारी माणसं कडेकडेने उतरून गेली.

जाताना तू म्हणाली होतीस, "फरशा बसवता बसवता तुम्ही फरशीच झालात. पोटची पोर गेली आणि तुमच्या डोळ्याला पाणी नाही." साधा ताप म्हणता म्हणता ती गेली, आणि आठवडा व्हायच्या आत मी कामावर गेलो, हे खरंच आहे. लोक बोलले, तूही बोललीस. घरात बसलो असतो तर काय झालं असतं, ते मला सांगता येत नाही. तिथे निदान पुढची फरशी कुठे लावायची ते कळत होतं.

हे तुला पटवायला लिहीत नाही. काल झालं, म्हणून कळवतोय.

नंतर उरलेल्या तीन पाकळ्या पुऱ्या केल्या. पानंही काढली. दुसरी पाकळी जरा लंगडी आहे, पण बाकी बरं दिसत होतं. रंग भरायला डब्यातल्या पुड्या बाहेर काढल्या आणि तिथेच अडलो. चिमी पाकळ्यांत कोणता रंग भरायची? पिवळा की गुलाबी? इतकी वर्षं त्याच रांगोळीला वळसा घालून कामाला गेलो. पाय कधी पडू दिला नाही, पण रंग कधी बघितलाच नाही. ज्याने कुणी विचारलं असतं, त्याला मी ठासून काहीतरी सांगितलंही असतं. काल मला विचारणारं कुणी नव्हतं, त्यामुळे खोटं बोलता आलं नाही. पाकळ्या पांढऱ्याच ठेवल्या.

संध्याकाळी वहिनींनी ताट पाठवलं. जेवलो.

पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीने येतोय. तुला न्यायला नाही, गैरसमज नको. तुला वाटेल तेव्हा ये, न वाटलं तर राहा. तू तिचं नाव काढलंस की मी काहीतरी निमित्त करून उठायचो. या वेळी उठणार नाही. तिचा रंग कोणता, ते सांग. आणखी जे काही मला माहीत नाही, तेही सांग. परतीचं तिकीट काढलेलं नाही.

वाट बघ, एवढंच.

तुझा,
चिमीचा बाप