पहिल्या निवडीचं रडणं

७ एप्रिल, सोमवार

तो येतोय.

सकाळीच गसचा फोन. "वॉल्ट, बसलायस ना? रोबिशो हो म्हणाला! ड्राफ्टच्या संध्याकाळी, माझ्या बारमध्ये, साक्षात. वीस वर्षं झाली, साजरं करायला नको?" मी म्हटलं, त्यात साजरं काय करायचं. तर म्हणतो, "तू आणि तो, शेजारी शेजारी. तुझं तोंड रंगवायचं, आणि तू पुन्हा एकदा रडायचं. बस्स."

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. म्हणणार कसा? गस म्हणजे माझ्या बायकोचा, डोरीनचा सख्खा भाऊ, आणि आमच्या टेसच्या लग्नाचं जेवण ३ मेला त्याच्याच बारमागच्या हॉलमध्ये. मामाची भेट म्हणून हॉल दिलाय, वर स्वयंपाकघरही. अडकित्त्यात सापडलेली सुपारी म्हणजे मी.

डोरीनला अजून सांगितलेलं नाही. तिला त्याने माझ्याआधी सांगितलं असणार.

१० एप्रिल, गुरुवार

एड व्हर्बा माझ्या मांसाच्या दुकानात सॉसेज न्यायला आला. शहराची बस चालवतो, साठी उलटलीय. काउंटरवर दोन्ही हात टेकले, तोंड वासलं आणि "ऊं ऊं ऊं". मागच्या बायका खुदखुदल्या. मी नेहमीसारखा पाठ वळवून सुरीला धार लावत राहिलो. एप्रिल लागला की हे सुरू होतं.

एकदा कागदावर मांडून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल. वीस वर्षांपूर्वी आमचा फुटबॉलचा संघ, स्टोकर्स, अख्ख्या हंगामात एक सामना जिंकला. सगळ्यांत वाईट संघाला कॉलेजातून येणाऱ्या नव्या पोरांमधला पहिला पोरगा निवडता येतो — हरल्याचं तेवढंच सुख. मी आणि गस तोंडं संघाच्या केशरी रंगाने माखून बसने न्यूयॉर्कला, त्या निवडीला म्हणजे ड्राफ्टला, गेलो. ट्रॅव्हिस रोबिशो, लुइझियानाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून संघाचा डाव चालवणारा. असा चेंडू फेकणारा आमच्या गावाने जन्मात पाहिला नव्हता. त्याचं नाव पुकारलं आणि मी रडलो. डोळे पुसले वगैरे नव्हे — ओक्साबोक्शी. हात वर, तोंड उघडं, केशरी रंगातून पाण्याचे ओघळ. आणि कॅमेरा नेमका माझ्यावर.

रोबिशो तीन हंगाम टिकला. चेंडू फेकायचा फार सुंदर, पण पडायचा तो समोरच्या संघाच्या हातात. शेवटी नारळ दिला. लोक त्याला विसरलेही असते. पण फसलेल्या निवडींचा विषय निघाला की टीव्हीवर ती क्लिप येते, आणि तिच्यात त्याच्यापेक्षा जास्त वेळ मी दिसतो. गसच्या बारमध्ये तर रिवाजच पडलाय. ड्राफ्टच्या संध्याकाळी क्लिप लावायची, पडद्यावर माझं तोंड उघडलं की सगळ्यांनी एका सुरात गळा काढायचा आणि ग्लास रिकामा करायचा.

मी दर वर्षी तिथे बसतो आणि त्यांच्याबरोबर हसतो. न हसून सांगतो कुणाला.

१३ एप्रिल, रविवार

टेस जेवायला आली होती. सोबत तिचा होणारा नवरा, आंद्रे. चांगला मुलगा आहे, बटाटे सोलतो.

जेवण झाल्यावर म्हणाली, "बाबा, दोन शब्द लिहिलेस का?" वधूच्या बापाने जेवणाआधी उभं राहून बोलायचं असतं. मी खिशातून कागद काढून दिला. तिने वाचला. तीन ओळी. सगळे आलात, आभार. आंद्रेच्या आईवडिलांचं स्वागत. जेवण गरम आहे तोवर घ्या.

"यात मी कुठेय?" म्हणाली.

मी म्हटलं, लग्न तुझंच आहे, सगळ्यांना ठाऊक आहे. चूक झाली. पोरीचा आवाज चढला नाही, हेच वाईट. "बाबा, एका अनोळखी माणसासाठी तू सगळ्या देशासमोर रडलास. मी पदवी घेतली तेव्हा तू हॉलमधला पंखा बघत होतास. मी लग्नाचं सांगितलं तेव्हा म्हणालास, 'बघू या कसं होतंय.' बघू या? मी काय तुझा क्वार्टरबॅक आहे?"

आंद्रे बिचारा बशा उचलून आत गेला.

मग म्हणाली, "नसेल जमत तर सांग. गसमामा बोलेल. त्याला बोलायला आवडतं."

डोरीनने माझ्या पुढ्यातला कॉफीचा कप उचलून नेला. तिने कप उचलला की समजावं, निकाल माझ्या विरुद्ध लागलाय.

१४ एप्रिल, सोमवार

गस बोलेल म्हणे! माझ्या पोरीच्या लग्नात!

१९ एप्रिल, शनिवार

उद्या ईस्टर. आठवडाभर श्वास घ्यायला फुरसत नाही. हॅम, धुरातलं सॉसेज, ईस्टरच्या ताटात ठेवायची लोण्याची कोकरं. गुड फ्रायडेला मांस न खाणारं अख्खं गाव आज दुकानात लोटलं. आणि प्रत्येकाला एकच विचारायचं — येतोय ना तो? रंग लावणार ना?

दुपारी मागच्या थंड खोलीत जाऊन दार ओढून घेतलं. टांगलेल्या डुकरांमध्ये उभा राहून मोठ्याने म्हणून पाहिलं, "टेस, तू जन्मलीस तेव्हा". पुढे घोडं हलेना. शब्द नाहीत असं नाही. शब्द घशाशी आले की मला ते केशरी तोंड दिसतं, आणि आतून कुणीतरी म्हणतं — सांभाळ, बघतायत.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. मी गेली वीस वर्षं ताक फुंकतोच आहे, प्यालोच नाही. आईच्या दफनाला सुद्धा मी शवपेटी उचलणाऱ्यांना रस्ता दाखवत होतो.

बाहेर आलो तर बोटं बधिर. हॅमच्या दोऱ्या गुंडाळता येईनात.

२२ एप्रिल, मंगळवार

डोरीनला म्हटलं, मी गुरुवारी जात नाही. ती म्हणाली, "नको जाऊस." मी म्हटलं, गस रागावेल. म्हणाली, "रागावू दे." मी म्हटलं, हॉल? ती म्हणाली, "वॉल्ट, गस हॉल काढून घेणार नाही, हे तुलाही ठाऊक आहे. तू तिथे जातोस कारण तू गेला नाहीस तरी ते हसतील, आणि तेव्हा तू तिथे नसशील."

तेहतीस वर्षांच्या संसारात बाईला सगळं कळून चुकतं. वैताग आहे.

२४ एप्रिल, गुरुवार

जातोय. गसने रंगाचा डबा दुकानात पाठवला होता. डबा घेतलाय. लावणार नाही.

२५ एप्रिल, शुक्रवार

कालचं सगळं लिहितो.

बार खचाखच. रोबिशो सहाच्या सुमाराला आला. पोट सुटलंय, उजवा पाय ओढतो. घरी लुइझियानात पोहण्याचे तलाव बांधून देतो म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या, कुणीतरी ओरडलं, "ग्लास समोरच्याच्या हातात देऊ नकोस रे!" तो हसला. ते हसणं मी ओळखलं. माझंच आहे ते.

गसने क्लिप लावली. माझं तोंड उघडलं. शंभर लोकांनी गळा काढला. रोबिशो पडद्याकडे बघत होता, आणि तो काही हसत नव्हता. गस मी आणलेला डबा उघडून माझ्याकडे यायला निघाला, इतक्यात रोबिशोने माझ्या दंडाला धरलं. "जरा गाडीपर्यंत येतोस? माझी आई आलीय. ती बारमध्ये पाय ठेवत नाही."

वाटेत घाईघाईने म्हणाला, "एक गोष्ट आहे. मी तिला सांगितलंय की इथे होतो तेव्हा दर रविवारी मी तुझ्या घरी जेवायचो."

मी थांबलोच. आम्ही त्या तीन वर्षांत एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो.

"तिने त्या दिवशी तुला टीव्हीवर पाहिलं," तो म्हणाला. "रोज फोनवर विचारायची, तो माणूस भेटला का? काय सांगणार? मी भाड्याच्या घरात एकटा डबाबंद सूप खात होतो. आणि गाव माझ्या गाडीवर अंडी फेकत होतं."

म्हातारी पुढच्या सीटवर, मांडीवर लोणच्याची बरणी धरून. काच खाली केली. मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "रंग नाही तर ओळखूच आला नाहीत," म्हणाली. मग बरणी माझ्या हातात दिली. भेंडीचं लोणचं. "माझा ट्रॅव्हिस तुमच्याकडे नीट जेवायचा ना?"

रोबिशो जमिनीकडे बघत होता. एवढा धिप्पाड माणूस, शाळेतल्या पोरासारखा.

"जेवायचा हो," मी म्हटलं.

"काय आवडायचं त्याला?"

"पिएरोगी. बटाट्याचं सारण भरून उकडलेले. माझी बायको करून दमायची."

"आणि हरल्यावर?"

"हरल्यावर जास्त खायचा."

म्हातारी समाधानाने मान हलवत राहिली. म्हणाली, "ह्याचं मन नव्हतं इतक्या लांब यायचं. मीच म्हटलं, जा. जिथे माणूस आपल्या पोरासाठी असा रडतो, तिथे पोर उपाशी राहायचं नाही."

मला तिथून निघून जावंसं वाटलं. पण तिने माझा हात धरून ठेवला होता, आणि हात काढून घेणं बरं दिसलं नसतं.

परत येताना रोबिशो म्हणाला, "तुझं हसं झालं ते माझ्यामुळे. मनात होतं, एकदा सांगावं."

मी म्हटलं, चालायचंच.

"नाही," तो म्हणाला. "मी चेंडू वाईट फेकले, ती माझी चूक. तू काय चुकलास ते मला अजून कळलेलं नाही. तुला आनंद झाला होता. माझ्यामुळे कुणाला इतका आनंद झाल्याचं मी पुन्हा कधी पाहिलं नाही."

आत गेलो. गसने रंगाचा ब्रश पुढे केला. मी म्हटलं, गस, ठेव तो. त्याने ठेवला. एवढंच करायचं होतं होय! स्टोकर्सनी काल कुणाला निवडलं ते मी पाहिलंच नाही.

२८ एप्रिल, सोमवार

डोरीनने भेंडीचं लोणचं चाखलं. तिखट आहे म्हणाली, आणि अर्धी बरणी संपवली. तिला गाडीतलं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "हे टेसला सांग." फोन उचलला. टेस म्हणाली, "बोल बाबा." मी विचारलं, हॅम किती जणांचं कापायचं ते ठरलं का. तिने आकडा सांगितला. ठेवला.

गाढव आहे मी.

२ मे, शुक्रवार

चर्चमध्ये तालीम झाली. टेसला हाताला धरून वेदीपर्यंत न्यायचं, तिथे सोडायचं, मागे येऊन बसायचं. पाद्री म्हणाले, वॉल्ट, सावकाश, तुम्हाला गाडी पकडायची नाही. टेस हसली. माझ्याकडे बघून नव्हे.

कागद अजून तसाच, तीन ओळींचा. संध्याकाळी टेसने विचारलं, "गसमामाला सांगू का, तयार राहा म्हणून?" मी म्हटलं, सांगून ठेव. तिने फक्त मान डोलावली. तोंडात मारली असती तर परवडलं असतं.

आंद्रेचा मावसभाऊ सगळं चित्रित करणार आहे म्हणे. दोन कॅमेरे.

उद्या.

६ मे, मंगळवार

दुकान उघडलं. पहिलं गिऱ्हाईक पोस्टातली ग्लोरिया. पिशवी खाली ठेवली, काउंटरवर दोन्ही हात टेकले, तोंड वासलं — "ऊं ऊं ऊं".

सुरी हातात होती. धार लावायला वळलो नाही. विचारलं, "हे कुठलं? न्यूयॉर्कचं की शनिवारचं?"

"शनिवारचं," ती म्हणाली. "टेसनेच पाठवलीय सगळ्यांना चित्रफीत, तू बोलायला उठलास तिथपासून."