शेजारच्या सीटची भरपाई

बाईसाहेब,

तुझी गाडी दिव्याच्या खांबावर आदळली, त्या क्षणी माझं आयुष्य फिरलं. तुला साधं खरचटलंही नाही. शेजारी बसलेल्या माझा गुडघा मात्र कायमचा गेला.

आज मामाने मला वकिलाकडे नेलं. वकील म्हणाले, "दवाखान्याचं बिल आणि बुडालेला पगार विमा कंपनी देईल. इथल्या कायद्यात त्यासाठी चूक कोणाची, हे कोणी विचारत नाही."

"का नाही विचारत?" मी भडकलो. "विचारा की!"

"ते कोर्टात. दुखापत कायमची आहे, त्यामुळे यातनांचीही भरपाई मागता येईल. फक्त मुलीची चूक सिद्ध करावी लागेल."

"करूया!" मामा म्हणाला. "तिच्यापायी कॉलेज अर्धवट सोडून नोकरी धरलीस, आणि ती एकदा तरी बघायला आली का?"

नाही आलीस. फोनवर म्हणालीस, "पप्पा म्हणतात, विमा आहे ना, मग माफी कसली मागायची?" तेवढ्यासाठी तुला कोर्टात खेचायचं मी ठरवलं होतं. तिथे तरी माझ्याकडे बघावं लागलं असतं तुला.

मग वकिलांनी पेन उघडलं. "सरळ रस्त्यावर गाडी खांबावर गेली कशी?"

मी तुला लग्नाचं विचारलं होतं. उत्तर द्यायला नको, म्हणून तू रेडिओशी चाळा करायला वाकलीस. हे मी चारचौघांत शपथेवर सांगू?

"सांग ना त्यांना!" मामा ओरडला.

"नाही करायची मला केस!" मी कुबडी उचलली, बाहेर पडलो आणि दार धाडकन आपटलं.

दुर्दैवाने अजून तुझाच