अकरा सेकंद

३ मे, सकाळी ७.१०
बाई कलाप्रमुखपद सोडणार. गुडघ्यांमुळे. आमचे नाट्यगृह नव्वद खुर्च्यांचे, ना नफा तत्त्वावरचे. पण प्रमुख हवाच. मी सहा वर्षे प्रॉम्प्टर. विंगेत स्टुलावर बसून नटांना विसरलेली वाक्ये पुरवतो. सगळी नाटके तोंडपाठ. दुसरे कोण आहे?

४ मे
अर्ज दिला. शुद्धलेखन चारदा तपासले. शिक्षण : बारावी, चालू. (नऊ वर्षे चालू आहे, पण चालू आहे.) दुसरा अर्ज फक्त दिवेवालीचा. पाच ओळी, तीन चुका. दया आली.

९ मे
समितीचे फर्मान : दोघांनीही एकच प्रसंग बसवून दाखवायचा. आई मुलाचे पत्र वाचते, गप्प होते, मग म्हणते, दार उघडं राहू दे. आई म्हणजे आमच्या अक्का. त्या गप्प झाल्या की भरवसा नसतो. मागच्या प्रयोगात मी हे वाक्य तीनदा पुरवले, तर विंगेत येऊन म्हणाल्या, मेल्या, विसरले नव्हते, रडत होते!
संकल्प : दिग्दर्शकाने प्रॉम्प्ट करायचे नाही. मरेन, पण करणार नाही.

१४ मे
तालीम. स्टॉपवॉच नेले. गप्प राहण्यास अकरा सेकंद मंजूर केले. अक्कांनी विचारले, बारावा लागला तर चिठ्ठी आणू का घरून? नेतृत्वाला टोमणे सोसावे लागतात.
घरी येऊन स्वीकृतीचे भाषण लिहिले. पाठ केले. आईला म्हणून दाखवले. तिचे म्हणणे, बाजारात तुरी. आईला कलेतले कळत नाही.

२० मे, दुपारी
प्रसंग झाला. मी समितीशेजारी, हाताची घडी घालून. अक्का गप्प झाल्या. नऊ. दहा. अकरा. समितीतले डॉक्टर डोळे पुसत होते. बारा. तेरा.
मग कुणीतरी खणखणीत आवाजात 'दार उघडं राहू दे' म्हणाले. ते मी होतो.
अक्कांनी पत्राचा बोळा करून मला मारला. नेम चांगला आहे.
नाटक वाचवले, याची नोंद कुणी घेतली नाही.
मग दिवेवालीची पाळी. तिने काहीच केले नाही. अक्का गप्प असेपर्यंत दिवा मंद करत राहिली, बस्स. याला दिग्दर्शन म्हणत असतील तर आमचा फ्यूजही दिग्दर्शकच.

२२ मे, सायंकाळी ७
दिवेवालीची निवड. राजकारण! उद्याच राजीनामा. आज फक्त विंगेतले माझे स्टूल आणायला गेलो होतो.
बाईंनी तिला दोन शब्द बोलायला सांगितले. ती उभी राहिली आणि थिजली. मी स्टुलावर बसलो होतो, सवयीने. पाच. आठ. अकरा.
मी पहिले वाक्य पुरवले. तिने म्हटले. दुसरे पुरवले. तिने तेही म्हटले. माझे अख्खे भाषण ती माझ्याहून चांगले बोलली. डॉक्टरांनी पुन्हा डोळे पुसले. टाळ्या! शब्द कुणाचे? माझे. मग नेतृत्व कुणाचे?
विंगेत येऊन तिने विचारले, दादा, उद्या चारला तालीम, येणार ना? सांगितले, विचार करून कळवतो.
स्टुलाचा एक पाय डुगडुगत होता. घडी घातलेला कागद खाली सरकवला. राजीनाम्याचाच होता, जाडी बरोबर बसली.