दोऱ्याच्या सहा गाठी

शुक्रवार, संध्याकाळ. कवठे येमाई.

लिही सारिके, तुझी आज्जी सांगती तसं, न्हाईतर उद्या वाचताना कोण बोललं तेच विसरशील. तू त्या विसरभोळ्या विकासचीच बहीण.

पिण्याच्या पाण्याला परत औषधाचा वास येतोय. विकासची बायको पोटुशी, दोन घोटांवर तांब्या खाली ठेवती. फिल्टरमधला वास धरणारा कोळसा संपलाय, दुसरं काय? विकास म्हणतो, "आज्जी, कोळसा बदलून चारच महिने झालेत." मी फिल्टरला बांधलेला दोरा दाखवला. दर पुनवेला एक गाठ, सहा झाल्या. मग त्यानं फिल्टरवर सोताच चिकटवलेली तारखेची चिठ्ठी वाचली आन् बोटावर महिने मोजले. वाचता येतं त्याला, पर वाचतो कवा? महिने सहाच निघाले, माझ्या गाठींएवढे.

उद्या रांजणगावहून नवा कोळसा आणणार म्हणं. तरी उद्या त्याच्या डब्यात कारलंच दे, त्याला आवडत न्हाई तेच. कोळसा घरात आला, की मग त्याच्या आवडीची हुलग्याची शेंगोळी.