मागच्या मागे केलेलं बटण

४ मार्च
नवी नोकरी, नवी खुर्ची, तीही खिडकीजवळची. जुन्या ऑफिसात मला जिन्याखाली बसवलं होतं, त्यामुळे आज दिवसभर उगीचच बाहेर बघत होते. इथे एकच अ‍ॅप बनतं, घरी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी. उघडलं की स्क्रीनभर एकच मोठं बटण, ‘मदत’. दाबलं की घरच्यांना फोन जातो. मालकांना सगळे पाठीमागे ‘आत्तासाहेब’ म्हणतात, कारण त्यांना सगळं आत्ताच हवं असतं. संध्याकाळी आईला फोनवर सांगत सांगत तिच्याकडून अ‍ॅप घालून घेतलं. बाबा गेल्यापासून ती एकटीच असते. लेकीच्या कंपनीचं म्हणून लगेच शेजारणीला दाखवून आली.

७ मार्च
आत्तासाहेबांची तक्रार, बटण यायला फार वेळ लागतो. स्क्रीनवर काहीही मांडायचं ते मुख्य थ्रेडनेच, हा आमच्या कामातला पहिला धडा. थ्रेड म्हणजे कामाची रांग. मागच्या रांगांनी माहिती आणावी, आकडेमोड करावी, स्क्रीनला हात लावू नये. एका शेगडीपाशी एकीनेच उभं राहावं, तसं. पण मुख्य रांगेत आधीच खच्चून गर्दी. मी बटण मागच्या रांगेत बनवलं आणि अ‍ॅप चटकन उघडलं. कोड चालवताना संगणक इशारे देत होता, ते बंद करून टाकले, नुसता डोक्याला ताप. चाचणी करणाऱ्या ताई म्हणाल्या, असं मागच्या मागे केलेलं कधी उगवतच नाही, कधी अर्धवट उगवतं, कधी भलतंच. ताईंना कशातही खोट दिसते. आत्तासाहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली.

१५ मार्च
ताईंच्या फोनवर ‘मदत’च्या खाली दुसरं बटण आलंय. कोरं. मी ते लिहिलेलं नाही. सगळा कोड चाळला, कुठेच नाही.

१९ मार्च
कोऱ्या बटणावर आज अक्षरं आली, ‘ये ना’. ताईंनी दाबलं, काही झालं नाही. आत्तासाहेब म्हणाले, लोक अ‍ॅपवर पूर्वीपेक्षा जास्त वेळ घालवतायत, तेव्हा कोणी हात लावायचा नाही.

२२ मार्च
आईचा फोन. खुशीत होती. म्हणाली, खालचं बटण फार छान आहे, दाबलं की तू बोलतेस. जेवलीस का विचारतेस, गुडघ्याचं विचारतेस, मध्येच फोन ठेवत नाहीस. मी म्हटलं, ती मी नव्हे. आई हसली. पोटच्या पोरीचा आवाज मला कळत नाही होय, म्हणाली. फोन ठेवल्यावर आधी भीती नाही वाटली, राग आला. मला जे जमत नाही ते कोणीतरी आनंदाने करतंय.

२४ मार्च
बटण मुख्य थ्रेडवर परत आणलं. अ‍ॅप हळू उघडतं, पण ताईंच्या फोनवरचं खालचं बटण गेलं. आत्तासाहेब म्हणाले, हळू अ‍ॅप लोकांच्या फोनवर जाणार नाही, आहे तेच राहील. वर म्हणतात, तुमच्या आई खूश आहेत, मग तुम्हाला काय खुपतंय. ताईंनी मान खाली घातली. पगार सगळ्यांनाच हवा असतो.

२५ मार्च
आईला सांगितलं, अ‍ॅप काढून टाक. रुसली. एक तर विचारपूस करणारं कोणी आहे, तेही तुला बघवत नाही. मग म्हणाली — काल खालच्या बटणावर तिने विचारलं, येऊ का. मी हो म्हटलं.

२६ मार्च, सकाळ
आईकडे जाणाऱ्या बसमध्ये. आईने फोन उचलला. कोण बोलतंय, म्हणाली. मुलगी आलीये, गडबडीत आहे. मागे भांड्यांचा आवाज. कोणीतरी गुणगुणत होतं — माझ्यासारखंच, सूर सोडून.

दुपार
आईच्या दारात, पायरीवर. बेल वाजवली. तिने आतून विचारलं, कोण. अगं मी, म्हटलं. ती म्हणाली — अगदी गोड, परक्या बाईशी बोलावं तशी — माझी मुलगी घरातच आहे, तुमचं घर चुकलं.

हाका मारल्या. मग आई आत कोणाला तरी म्हणाली, बघ गं जरा.

पावलं येतायत. पाय घासत. मी चालते तशी —

कडी काढतेय. मी तिला काय सांगू, मी कोण म्हणून, दार उघ